हिप हॉप गाण्यांचा अर्थ कसा लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅप ऐकायला आवडतं, पण हे लोक नेमकं काय म्हणतायत तिथे घोडं अडतं, अशा वाचकांसाठी हे पान आहे. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण हा प्रकार मूळचा तिथला. ओळी जशाच्या तशा दिलेल्या नाहीत, आशय मराठीत सांगितला आहे.

रॅप आणि हिप हॉप एकच का?

नाही. डीजेचं वाजवणं, माइकवरचं रॅप, ब्रेकडान्स आणि भिंतींवरची ग्राफिटी असं सगळं मिळून हिप हॉप. रॅप हा त्यातला शब्दांचा भाग. इथे आपण शब्दांबद्दलच बोलणार आहोत.

हे सुरू कुठे झालं ते माहीत असायलाच हवं का?

असलं तर बरं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलं. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. कुटुंब जमैकाहून आलेलं. नाचणारी पोरं गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याची वाट बघत असतात हे हर्कच्या लक्षात आलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. त्या तालावर माइकवरून आरोळ्या, मग यमकं, मग कडवी. रॅप असं वाढत गेलं.

त्याच वर्षांत ब्रॉन्क्सची काय अवस्था होती? नांदत्या वस्त्यांच्या पोटातून क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे काढलेला, ज्यांना परवडलं ते निघून गेलेले, आणि विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्याचे प्रकार घडत होते. सुरुवातीच्या गाण्यांत जळकी घरं आणि विटांचे ढिगारे येतात ते कवीचे अलंकार समजू नका. खिडकीतून तेच दिसायचं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सगळ्याच रॅपमध्ये समाजभाष्य असतं असं नाही. १९७९ साली ज्या गाण्याने रॅप रेडिओवर नेलं ते निखळ मौजेचं आहे: नाच, खाणं, फुशारक्या. नाचायचं गाणं नाचायचंच असू शकतं. त्यात वर्णभेदाचा इतिहास उकरत बसलात तर तुमचाही वेळ जाईल आणि गाण्याचाही.

मग अर्थ लावायला पहिलं गाणं कोणतं घेऊ?

ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं १९८२ चं 'द मेसेज'. सात मिनिटांचं आहे, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि ताल मुद्दाम संथ ठेवलेला आहे. गंमत म्हणजे नाव अख्ख्या ग्रुपचं असलं, तरी गाणं मुख्यतः एड फ्लेचर आणि मेली मेल या दोघांनी लिहिलं आणि रॅपही त्यांनीच केलं. बाकीच्यांचा उत्साह बेताचा होता. पार्टीत असलं रडगाणं कोण ऐकणार, असं त्यांना वाटत होतं.

गाणं सुरू होतं फुटक्या काचांनी आणि जिन्यात लघवी करणाऱ्या माणसांनी. उंदीर, झुरळं, गल्लीत बेसबॉलची बॅट घेऊन उभा असलेला नशेबाज. पळून जावं म्हटलं तर हप्ते थकले म्हणून गाडीच उचलून नेलेली. इथवर कुणीही वर्णन केलं असतं. पुढच्या कडव्यात दोन आकडी महागाई येते, आणि कामावर जायला ट्रेन नाही कारण स्टेशनवर संप आहे, असंही येतं. आता तारखा बघा. १९८० साली अमेरिकेत महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांच्या घरात होता आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची बस आणि मेट्रो ११ दिवस संपामुळे बंद होती. यमक जुळवता जुळवता लिहिणाऱ्याने वर्तमानपत्राची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं आत घेतली आहेत. घरी माणूस नसताना वसुलीवाले फोन करून बायकोला घाबरवतात, अशीही एक ओळ आहे. मला ती सगळ्यात बोचते. त्यात गोळीबार नाही, मारामारी नाही. फक्त घरातला फोन वाजतो.

शेवटचं कडवं एका मुलाला उद्देशून आहे. तो वस्तीत जन्मतो, गुंडांकडे बघत मोठा होतो, शाळा सोडतो, तुरुंगात जातो आणि कोठडीत गळफासाला लटकलेला सापडतो. त्यानंतर गाणं संपेल असं वाटतं, तर रस्त्यावरच्या गप्पा ऐकू येतात. मित्र उभे आहेत, पोलिसांची गाडी येते आणि काही कारण नसताना सगळ्यांना उचलते. हे शेवटचं अर्धं मिनिट पुष्कळ जण बंद करून टाकतात. तसं करू नका, कारण आधीची साडेसहा मिनिटं ज्याबद्दल सांगितलं ते इथे प्रत्यक्ष घडतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली जतन करण्यासाठी पहिली ५० ध्वनिमुद्रणं निवडली, त्यांत हे एक होतं.

गाण्यातला 'मी' म्हणजे गाणारा स्वतःच ना?

बहुतेक गोंधळ इथेच होतो. हिप हॉपमध्ये जवळजवळ सगळं प्रथमपुरुषी असतं, म्हणून ऐकणारा धरून चालतो की हा माणूस आपली दिनचर्या सांगतोय.

मराठी माणसाला हे खरं तर अवघड जाऊ नये. एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करते आणि बदल्यात काय मागते? सासरा गावाला गेलाय, तो तिकडेच खपू दे. पुढे सासू, नणंद, सगळ्यांचा नंबर लागतो. त्यावरून नाथमहाराजांच्या मनात खुनाचा विचार होता असं चारशे वर्षांत कुणी म्हटलं नाही. विंचू चावला तेव्हाही कुणी वैद्य बोलावला नाही. सोंग घेऊन बोलणं आपल्याला माहीत आहे. रॅप ऐकताना ते विसरायला होतं, एवढंच.

केंड्रिक लामारच्या २०१२ च्या अल्बममध्ये एक लांबलचक गाणं आहे. त्यातलं पहिलं कडवं त्याच्या एका मित्राच्या आवाजात लिहिलंय. या मित्राचा भाऊ मारला गेलेला आहे. तो म्हणतो, तुझा अल्बम येण्याआधीच मी मेलो तर... आणि गोळ्यांचे आवाज येतात. वाक्य अर्धंच राहतं. दुसऱ्या कडव्यात एक मुलगी बोलते. केंड्रिकने आधीच्या एका गाण्यात तिच्या बहिणीची कथा सांगितली होती, त्याचा तिला राग आहे: माझ्या बहिणीवर गाणं करायचा अधिकार तुला दिला कुणी? मी विरून जाणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा बजावत राहते आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज बारीक होत होत विरून जातो. शब्द एक सांगतायत, ध्वनी दुसरंच. हे छापलेल्या शब्दांत दिसत नाही, ऐकावंच लागतं. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक स्वतः बोलतो, आणि दुसऱ्यांच्या दुःखावर गाणी रचणारा मी कोण, हा प्रश्न स्वतःला विचारतो.

म्हणून पहिलं काम हे: बोलतंय कोण, ते ठरवा. आवाज, सर्वनामं, वय, घरातली नाती यांवरून सुगावा लागतो. एकाच गाण्यात तीन माणसं बोलत असतील तर तीन वेगळे 'मी' धरा.

एवढं महत्त्व आहे का त्याला? गाणंच तर आहे.

माणसं तुरुंगात गेली आहेत. अमेरिकेत आरोपीने लिहिलेलं रॅप सरकारी पक्ष पुरावा म्हणून कोर्टात वाचून दाखवतो. न्यू जर्सीत खुनाच्या प्रयत्नाच्या एका खटल्यात ज्युरीसमोर अशी १३ पानं वाचली गेली. त्यातलं बरंचसं घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेलं होतं. २०१४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्याने खटला चालवायला सांगितलं. बॉब मार्लीने खरोखर शेरीफला गोळी घातली किंवा एडगर ॲलन पोने खरोखर फरशीखाली माणूस पुरला, असं कुणी मानत नाही, हा दाखला निकालपत्रातच आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा पुराव्यावर मर्यादा घालणारा कायदा केला.

सोन्याच्या साखळ्या, गाड्या, नोटांची बंडलं. यात कसलं आलंय समाजभाष्य?

पुष्कळदा काहीच नसतं, नुसता भपका असतो. तसं असेल तर तसं म्हणायला काय हरकत आहे! पण पैशाचा विषय हिप हॉपमध्ये इतका का येतो, त्याला कारण आहे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने अमेरिकी शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला. लाल भागात घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं. घरविक्रीतला असा भेदभाव बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. दोन पिढ्यांना घर घेता आलं नाही, म्हणजे पुढच्या पिढीला वारसाहक्काने काही मिळालं नाही.

हे डोक्यात ठेवून जे-झीचं २०१७ चं 'द स्टोरी ऑफ ओ. जे.' ऐका. ब्रुकलिनच्या डंबो भागात एक इमारत वीस लाख डॉलरला मिळत होती, तेव्हा घेतली नाही, आज तिची किंमत अडीच कोटी आहे, अशी हळहळ तो व्यक्त करतो. आपल्याकडे दादर-पार्ल्याचे लोक जमले की हेच बोलतात. जे-झीच्या तोंडी मात्र त्यामागे तो लाल नकाशा उभा असतो. मागे आवाज वाजतो नीना सिमोनचा, १९६६ च्या 'फोर विमेन'मधला. त्या मूळ गाण्यात वेगवेगळ्या वर्णछटांच्या चार कृष्णवर्णीय स्त्रिया आपापली ओळख सांगतात. जे-झी त्यावर गोरटेला, काळा, श्रीमंत, गरीब अशी यादी करतो आणि शेवटी सगळे जगाच्या लेखी एकच, असं सांगतो. जुन्या गाण्याचा तुकडा असा उचलून वापरण्याला सॅम्पल म्हणतात. तुकडा कुठून आलाय ते शोधायची सवय लावून घ्या, अर्धा अर्थ तिथे दडलेला असतो.

ओळीओळीतून पैसा कमवा असं सांगणारं हे गाणं मला पूर्ण पटत नाही. इमारत घेऊन वर्णभेद सुटतो का? पण वाद घालण्याजोगं गाणं आहे, हेही कमी नाही.

पोलिसांवर इतका राग का?

एन. डब्ल्यू. ए. या लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या ग्रुपचं १९८८ चं गाणं यासाठी कुप्रसिद्ध आहे. सगळ्यांना त्याच्या नावातली शिवी आठवते. रचना कुणी बघत नाही. गाणं म्हणजे कोर्टाचं नाटक आहे. डॉ. ड्रे न्यायाधीश, बाकीचे साक्षीदार, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस. एकेक जण शपथ घेऊन साक्ष देतो, शेवटी पोलीस दोषी ठरतो आणि शिव्या घालत बाहेर जातो. ज्यांना खऱ्या कोर्टात दाद मिळत नाही त्यांनी पाच-सहा मिनिटांचं स्वतःचं कोर्ट भरवलं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नापसंतीचं पत्र पाठवलं, त्यात वर्षभरात मारल्या गेलेल्या ७८ पोलिसांचा आकडा दिला. दुःख दोन्ही बाजूंना होतं, हे ते पत्र वाचताना जाणवतं.

मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला केलेली मारहाण एका रहिवाशाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात सापडली. २९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने पोलिसांना जवळजवळ सगळ्या आरोपांतून सोडलं आणि शहर पेटलं. साठहून अधिक माणसं मेली. त्या चित्रफितीआधी या गाण्याला अतिशयोक्ती म्हणणारे खूप होते.

बायकांबद्दल इतकं घाणेरडं का बोलतात?

काही ओळी संदर्भ देऊन धुऊन निघत नाहीत. 'हे पात्र बोलतंय' हा मुद्दा मी वर मांडला, पण प्रत्येक गाण्यात तेच पात्र आणि तीच शिवी असेल तर सोंग कुठे संपतं हे विचारावंच लागतं.

टुपॅक शकूरने १९९१ मध्ये ब्रेंडा नावाच्या बारा वर्षांच्या मुलीवर गाणं केलं. ती गरोदर राहते, घरच्यांपासून लपवते, एकटीच बाळंत होते आणि बाळ कचऱ्यात टाकते. वर्तमानपत्रातल्या बातमीवरून ते सुचलं होतं. इतक्या कळवळ्याने लिहिणारा हाच टुपॅक पुढे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसायचा खटाटोप करू नये.

उत्तर आतूनही आलं. क्वीन लतिफाच्या १९९३ च्या गाण्यात उन्हाळ्याच्या दिवसात आखूड पँट घालून रस्त्याने चाललेल्या बाईच्या अंगाला एक जण हात लावतो आणि मित्रांसमोर फुशारकी मारतो. ती वळून त्याच्या डोळ्यावर ठोसा मारते आणि विचारते, शिवी कुणाला दिलीस? पुढचं कडवं घरातल्या मारहाणीचं आहे. या गाण्याला १९९५ मध्ये ग्रॅमी मिळालं.

तो 'एन'ने सुरू होणारा शब्द आपण म्हटला तर चालतो का?

नाही. कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी वापरली गेलेली ती शिवी आहे. २०१८ साली अलाबामातल्या एका मैफलीत केंड्रिकने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावलं. तिने गाण्याबरोबर तो शब्दही म्हटला, तसं त्याने गाणं थांबवलं. एखादा समाज स्वतःला दिलेली शिवी उचलून आपसात वापरतो, तेव्हा ती बाकीच्यांसाठी खुली होत नाही. जातिवाचक शब्दांबाबत हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पार्टीचं वाटणारं गाणं दुःखाचं कसं असू शकतं?

केंड्रिकच्याच २०१२ च्या 'स्विमिंग पूल्स'वर जगभर लोक ग्लास उंचावून नाचले. कडव्यात काय आहे? आजोबांच्या हातातली दारूची बाटली, दारुड्यांमध्ये गेलेलं लहानपण, आणि लोक का पितात त्याची यादी: कुणाला बरं वाटतं म्हणून, कुणाला दुःख मारायचंय म्हणून, कुणाला चारचौघांत सामील व्हायचंय म्हणून. दुसऱ्या कडव्यात त्याचं मन त्याच्याशी बोलायला लागतं. ज्या धृपदावर आपण नाचतो तो पी-पी म्हणून गळी पडणाऱ्या मित्रांचा आवाज आहे. म्हणजे क्लबमध्ये नाचणारा प्रत्येक जण नकळत गाण्यातली ती भूमिकाच करत असतो. माझ्या मते ही रॅपमधली सगळ्यात धूर्त चाल.

रॅपला पुलित्झर कसं मिळालं?

२०१८ चं संगीताचं पुलित्झर केंड्रिकच्या 'डॅम' या अल्बमला मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून इतर संगीताला ते मिळण्याची ती पहिली वेळ. पण त्याआधीचं 'ऑलराइट' अर्थ लावायला जास्त उपयोगी आहे. त्याची कडवी खचलेल्या माणसाची आहेत. सैतान मोह दाखवतोय, गुडघ्यांत बळ नाही, पोलिसांची भीती आहे. धृपद मात्र म्हणतं, आपलं भलं होईल. २०१५ च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडच्या रस्त्यावर आंदोलकांनी नुसतं धृपद उचललं आणि ती घोषणा झाली. त्याच वर्षी फॉक्स न्यूजवर एका निवेदकाने या गाण्याचा समाचार घेतला: वर्णद्वेषापेक्षा हिप हॉपनेच तरुणांचं जास्त नुकसान केलंय. केंड्रिकने त्या निवेदकाचा आवाज सॅम्पल म्हणून 'डॅम'मध्ये वापरला. पुलित्झर मिळालेल्या अल्बममध्ये निंदकाचंही योगदान आहे, असं म्हणायला हरकत नाही.

बोली कळत नाही. काय करू?

जीनियस ही वेबसाइट २००९ पासून ओळीओळीला टिपा देते. वापरा, पण टिपा कुणीही लिहू शकतो हे लक्षात ठेवा. ओळ, वर्ष आणि गाव यांच्याशी टीप जुळते का ते ताडून बघा. 'पन्नास खोके' ऐकून परक्याला पुठ्ठ्याची खोकी दिसतील. आपल्याला कोटी रुपये दिसतात, आणि सोबत २०२२ चं सत्तांतर.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो हिप हॉपच्याही आधीचा आहे. टुपॅकची आई अफेनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षात होती. १९७१ मध्ये एका मोठ्या खटल्यातून निर्दोष सुटली आणि सुमारे महिन्याभराने टुपॅक जन्मला. त्याच पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. कूल हर्कच्या पार्टीला अजून वर्ष होतं. पुढे २०१५ च्या सुमारास अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी गल्लीची हिंदी रॅपमध्ये आणली. २०१९ मध्ये मुंबईच्या 'स्वदेशी' या ग्रुपने आरेचं जंगल वाचवण्यासाठी 'वारली रिव्होल्ट' केलं. त्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गायले. तिथे 'मी' कोण हे शोधावं लागत नाही. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या राजकारणावर मराठीत रॅप केलं म्हणून दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले.

माझी मुलगी आठवीत आहे आणि हेच ऐकते. बंद करू का?

बंद करून ती इअरफोनवर ऐकेल. तिला आवडणारं एक गाणं शब्द समोर ठेवून तिच्याबरोबर ऐका आणि 'हे कोण बोलतंय?' एवढंच विचारा. तिचं उत्तर तुमच्यापेक्षा बरं असण्याची शक्यता बरीच आहे.